बिनसुईचं बाकडं

पारंपरिक चिनी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना संशोधन करता आलं पाहिजे, असा निर्णय त्या वर्षी दिल्लीतल्या एका परिषदेनं घेतला. निर्णय एकमतानं झाला, कारण संशोधन म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक होतं ते दोघे सभासद त्या वेळी चहाला बाहेर गेले होते. परिपत्रक देशभर गेलं. यापुढे नुसती सुई टोचता आली म्हणून पदविका मिळणार नाही. सुई का टोचली आणि टोचल्यावर काय झालं, हेही विद्यार्थ्याला शास्त्रशुद्ध रीतीनं सांगता आलं पाहिजे, असं त्यात म्हटलं होतं.

हे परिपत्रक बंगळुरात मल्लेश्वरमच्या एका इमारतीचे तीन जिने चढून डॉक्टर हयवदनरावांच्या टेबलापर्यंत पोचलं. पोस्टमननं ते हातात दिलं आणि गुडघे धरून तो तिथंच खाली बसला. डॉक्टरांनी आधी त्याला पेशंट म्हणून दाखल करून घेतलं आणि मग पाकीट फोडलं.

डॉक्टरांच्या संस्थेचं नाव अखिल पूर्व-आशिया सूचिवैद्यक विद्यालय. विद्यालयात ॲक्युपंक्चर शिकवत आणि शिकता शिकता पेशंटही तपासत. गुडघेदुखी ही विद्यालयाची खासियत होती आणि तिसरा मजला हा विद्यालयाचा पत्ता होता. लिफ्टची जागा इमारतीत होती. त्या जागेत घरमालकानं जुन्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. खाली रस्त्याला लागून कल्लाप्पाचं कॉफीपूड दळण्याचं दुकान आणि दुकानापुढं एक लाकडी बाकडं. हयवदनरावांचं घराणं बंगळुरात किती पिढ्यांपासून आहे हे त्यांनाही नक्की सांगता येत नसे. ते घरी मराठी बोलत आणि तिच्यात कन्नड कधी शिरे ते त्यांना कळत नसे. चिनी वैद्यकाचं शिक्षण त्यांनी थेट हाँगकाँगला जाऊन घेतलं होतं. हवा स्वच्छ असेल तर तिथून चीन दिसतो.

आता या सगळ्यात माझा काय संबंध, ते सांगतो. मी विश्वेश्वर लेले. पुण्याच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि मुलाकडे जयनगरला राहायला आलो. मुलगा ध्रुव सॉफ्टवेअरमध्ये. तो दिवसभर हिंदीत काम करून घरी येई आणि इंग्रजीत थके. सून मुग्धा गुणी आहे, पण तिच्या पोळ्यांची जाडी एकसारखी नसे. मी महिनाभर मोजमापं घेतली, जाडीतल्या चढउतारांचा आलेख काढला आणि तो स्वयंपाकघरात ओट्यासमोर लावला. तिनं तो शांतपणे पाहिला. त्याच संध्याकाळी तिनं वर्तमानपत्रातली 'संशोधन पद्धती शिकवण्यासाठी अनुभवी प्राध्यापक पाहिजेत' ही जाहिरात कापून माझ्या वतीनं अर्ज केला. पुढच्या आठवड्यापासून मी बस बदलून मल्लेश्वरमला जाऊ लागलो आणि घरात शांतता नांदू लागली, असं ध्रुव म्हणतो.

पहिल्याच तासाला मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : संशोधनाची सुरुवात शंकेनं होते. वर्गानं ते उतरवून घेतलं. हे परीक्षेला आहे का, असं मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं. मी प्रत्येकाला पुढच्या तासाला एकेक शंका घेऊन यायला सांगितलं. पुढच्या तासाआधीच मला डॉक्टरांचं बोलावणं आलं.

"लेले सर, स्वल्प बसा," हयवदनराव म्हणाले. "तुम्ही मुलांना शंका आणायला सांगितलात म्हणे."

मी हो म्हटलं.

"आमच्याकडं शंका हा रोग आहे. यकृताची ची अडकली की माणसाला शंका येतात. मनगटाजवळ एक सुई लावली की जातात. दोघांच्या मी आज सकाळीच काढल्या."

ची म्हणजे शरीरातून वाहणारी प्राणशक्ती. ती वाहती असली की माणूस बरा, अडकली की आजारी, एवढं मला तोवर कळलं होतं. मी त्यांना परिपत्रक दाखवलं. त्यात शंकेचा उल्लेख होता आणि खाली दिल्लीचा शिक्का होता. शिक्का बघून डॉक्टर विचारात पडले. "सरी, ठीक आहे," ते शेवटी म्हणाले, "शंका असू देत. पण मंजूर करून घेतलेल्या असू देत."

अशा रीतीनं शंका-मंजुरी समिती अस्तित्वात आली. हयवदनराव तिचे अध्यक्ष. विद्यालयाचे प्राचार्य म्हणून तेच तिचे सभासद आणि दुसरा सभासद मी. नियम सोपे होते. शंका आगाऊ कळवावी. तिचं उत्तर विद्यालयाला आधीपासून ठाऊक असावं. आणि चालू असलेल्या कोणत्याही उपचाराला तिच्यामुळे धक्का लागू नये. विद्यार्थ्यांनी चटकन अंदाज घेतला. 'सुई उपयोगी आहे की अत्यंत उपयोगी?' ही शंका पहिल्याच बैठकीत मंजूर झाली. 'सकाळची सुई गुणकारी की संध्याकाळचीही तितकीच गुणकारी?' हिला तर डॉक्टरांनी 'उत्तम' असा शेरा दिला. मी सही केली. समितीत मतभेद नको, असं मला पुण्याच्या अनुभवावरून वाटत होतं.

राहिली सुखदा. ही वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी, मल्लेश्वरमचीच. वडील नरसिंहराव तार खात्यातून निवृत्त झालेले. रोज सकाळी मित्रांबरोबर सँकी तळ्याला एक फेरी घालायची, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम होता. त्या फेरीत ते सगळ्या जगाचा कारभार निकालात काढून नाश्त्याला घरी येत. मग गुडघा दुखायला लागला आणि फेरी सुटली. मित्र आता सकाळी फाटकाशी हात हलवून पुढं जात आणि नरसिंहराव पेपर उघडून त्याच्यामागं तोंड लपवत. बापाला पुन्हा तळ्यावर न्यायचंय म्हणून सुखदा या विद्यालयात शिकायला आली होती आणि म्हणूनच तिनं त्यांना इथं पेशंट केलं होतं. दर आठवड्याला ते तीन जिने चढून येत, गुडघ्याखाली सुया लावून घेत आणि तीन जिने उतरून जात.

तास संपल्यावर ती माझ्यापाशी आली. "सर, माझी शंका आहे. अण्णा वर पोचतात तेव्हा कण्हत असतात. झोपून सुया लावल्या की त्यांना बरं वाटतं. खाली उतरले की परत दुखतं, मग ते कल्लाप्पाच्या बाकड्यावर बसून राहतात. मला कळत नाही, दुखणं सुईनं जातंय की जिन्यानं येतंय?"

मला इतका आनंद झाला की काय सांगू. उभ्या नोकरीत मला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. पुण्याला मुलं विचारत ते गुण वाढवून मिळतील का, एवढंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि खडूची भुकटी गेली असं सांगून मी ते पुसलं.

समितीनं शंका फेटाळली. "जिना चिनी ग्रंथांत नाही," हयवदनराव म्हणाले. शिवाय जिना घरमालकाचा होता. त्याच्यावर शंका घेतली तर तो भाड्याचा करार पुढं वाढवणार नाही अशी त्यांना भीती होती. गुडघ्याखालच्या त्या बिंदूवर सुई लावली की थकलेला माणूससुद्धा आणखी तीन कोस चालतो, असं ग्रंथात लिहिलंय, तिथं तीन मजल्यांची काय कथा, असंही त्यांनी ऐकवलं. मी मध्ये पडलो. शंकेतून जिना काढून टाकला आणि तिला शास्त्रशुद्ध रूप दिलं : 'गुडघेदुखीत सुई लावणं बरं की न लावणं?' उत्तर प्रश्नातच दिसत असल्यामुळे अध्यक्षांनी ती जागीच मंजूर केली.

"आणि जिना?" सुखदानं मला बाहेर गाठून विचारलं.

मी तिला समजावलं. पेशंटांचे दोन गट करायचे. एकाला सुई, दुसऱ्याला नाही. जिना दोन्ही गट चढणार, म्हणजे तो दोन्हीकडून आपोआप वजा होईल. जो फरक उरेल तो सुईचा. ही पद्धत जगभर मान्य आहे आणि मी ती पुस्तकातून जशीच्या तशी शिकवतो. अडचण एवढीच आली की तिसऱ्या मजल्यावर बिनसुईच्या गटाला बसायला जागा नव्हती. त्यांना पडद्यापलीकडे उभं केलं तर ते डोकावून बघणार आणि आम्हाला का नाही म्हणून विचारणार. डॉक्टरांनी व्यवहारी तोडगा काढला. बिनसुईवाल्यांना वर बोलवायचंच नाही, खाली कल्लाप्पाच्या बाकड्यावर बसवायचं. सुखदानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. संपिगे रोडवर नेहमीप्रमाणे रहदारी होती.

कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. कॉफीच्या स्टीलच्या पेल्यात चिठ्ठ्या घातल्या आणि मी डोळे मिटून एकेक काढली. नरसिंहराव सुईच्या गटात गेले. सुखदा माझ्या टेबलाशी आली आणि अण्णांना बाकड्यावर घाला म्हणून तिनं मला विनवलं. मी तिला सांगितलं की संशोधनात माया शिरली की निष्कर्ष बिघडतो.

"सर, गुडघा बिघडतोय," ती म्हणाली.

मी चिठ्ठी बदलली नाही. पद्धत म्हणजे पद्धत.

प्रयोग सुरू झाला. बाकड्यावरच्या गटाला काहीच करायचं नव्हतं. यायचं, बसायचं, आपलं दुखणं सांगायचं. आळीपाळीनं एक विद्यार्थी खाली जाई, त्यांची जीभ बघे, नाडी धरे, रात्री झोप लागली का, सुनेशी पटतं का, असं सगळं विचारे. कल्लाप्पाला वाटलं आयतं गिऱ्हाईक बसलंय, म्हणून तो नव्या मिश्रणाची घोटघोट कॉफी चाखायला देऊ लागला. पंधरवड्यात बाकडं पुरेनासं झालं. एका बाईनं तिथं भाचीचं लग्न जुळवलं. दोन म्हातारे गुडघे दुखत नसतानाही गटात घ्या म्हणून मागं लागले.

वर मात्र गर्दी पातळ होत चालली. ज्यांचा गुडघा जास्त दुखायला लागला ते जिना चढू शकेनात, म्हणून येईनात. जे चढू शकत होते तेवढे येत. हयवदनराव प्रत्येकाला कसं वाटतंय म्हणून विचारत आणि बरं वाटतंय असं उत्तर मिळे. "बघा सर," ते मला अभिमानानं म्हणाले, "येणारा प्रत्येक जण बरा आहे." नरसिंहराव कठड्याला धरून, दर वळणावर थांबत, तरीही येतच होते. मुलीचा अभ्यास आहे, मध्येच सोडला तर तिची पदविका अडेल, असं त्यांनी मला एकदा धापा टाकत सांगितलं. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला आणि मी तसं त्यांना बोलूनही दाखवलं.

यथावकाश मी आकडे मांडले. बाकड्यावरचा गट सुईच्या गटापेक्षा बरा होता. थोडाथोडका नव्हे, ध्रुवच्या कॉम्प्युटरवर आलेख छापला तर बाकड्याची रेघ कागदाबाहेर जात होती. मी तो कागद डॉक्टरांपुढं ठेवला. ते तो उलटासुलटा धरून बघत राहिले. मग उठले, कठड्याला धरून तीन जिने उतरले आणि बाकड्यावरच्या सगळ्यांना उठवून त्यांनी बाकड्याची तपासणी सुरू केली. मीही मागोमाग गेलो.

बाकड्याच्या पुढच्या कडेला, डाव्या टोकाला, एक खिळा वर आलेला होता.

"लेले सर," हयवदनराव खिळ्यावर बोट ठेवून म्हणाले, "माणूस बसला की हा कुठं लागतो?"

मी बसून पाहिलं. खिळा गुडघ्यामागच्या खळगीत लागला.

"तिथं बिंदू आहे. गुडघेदुखीवर ग्रंथात सांगितलेला बिंदू." त्यांचा चेहरा उजळला होता. "तुमच्या बिनसुईच्या गटाला इतके दिवस सुईच लागत होती."

खिळा एकाच टोकाला आहे, बाकीचे तर उजवीकडे बसत होते, अशी शंका मी घेतली. ती आगाऊ मंजूर केलेली नव्हती, तरी डॉक्टरांनी मोठ्या मनानं तिचं निरसन केलं. चिनी शास्त्रात पंचतत्त्वं आहेत आणि त्यांतलं एक लाकूड व दुसरं धातू. खिळा धातूचा, बाकडं लाकडाचं. एका टोकाला ची शिरली की लाकडातून दुसऱ्या टोकाला जाणारच. निष्कर्ष उघड होता. दोन्ही गटांना सुई मिळाली आणि दोन्ही गटांना गुण आला.

आता एवढं मौल्यवान बाकडं रस्त्यावर ठेवणं योग्य नव्हतं. ते संशोधनाचं साधन ठरलं होतं आणि साधनं विद्यालयाच्या ताब्यात असावीत असा परिपत्रकात स्पष्ट उल्लेख होता. कल्लाप्पा आधी 'बेडा बेडा', नको नको, म्हणत आडवा पडला, पण बाकड्यावर त्याच्या नावाची पितळी पट्टी बसवण्याचं आश्वासन मिळाल्यावर राजी झाला. विद्यार्थ्यांनी बाकडं उचलून तिसऱ्या मजल्यावर नेलं. दोघांच्या पाठीत लचक भरली. त्यांनाही दाखल करून घेतलं.

पण मग तुलनेला बिनसुईचा गट हवाच. हा गट वर चढता कामा नये, कारण वर सुई आहे. तो बसताही कामा नये, कारण कुठल्या बाकड्यात काय निघेल याचा भरवसा नाही. सबब, नव्या बिनसुईच्या गटानं बाकडं जिथं होतं त्या जागी फूटपाथवर ठराविक काळ उभं राहावं, असं समितीनं ठरवलं. भाग घेतल्याबद्दल प्रशस्तिपत्रक मिळणार असल्यामुळे माणसं मिळाली. पहिल्याच आठवड्यात त्यांचे गुडघे लक्षणीय बिघडले. 'प्रगती समाधानकारक' असा अहवाल मी लिहिला आणि आकड्यांच्या दृष्टीनं तो अगदी खरा होता.

ज्या दिवशी बाकडं वर गेलं आणि त्या जागी उभा गट आला त्याच दिवशी नरसिंहरावांची पाळी होती आणि तेव्हा ते पडद्याआड झोपलेले होते. सुया लावून ते सावकाश खाली उतरले. शेवटच्या पायरीवरून फूटपाथवर आले आणि नेहमीच्या सवयीनं, मागं न पाहता, बसायला गेले. मी वरून खिडकीतून बघत होतो. ओरडायला हवं हे माझ्या लक्षात येईपर्यंत ते खाली आपटले होते. उभ्या गटातली माणसं भोवताली होती, पण प्रयोगाच्या काळात वाकायचं नाही अशी त्यांना सक्त सूचना होती आणि ती त्यांनी पाळली. फार लागलं नव्हतं. पण चष्मा बाजूला पडलेला, पाय पसरलेले आणि ते हातानं आजूबाजूला बाकडं शोधत होते. मी जिना उतरायला लागलो, पण सुखदा माझ्या पुढून धावत गेली. मी खाली पोचलो तेव्हा ती त्यांना रिक्षात बसवत होती.

"अण्णा, यापुढं वर यायचं नाही," ती म्हणाली.

"आणि तुझी पदविका?"

"नसली तर नसली."

रिक्षा गेली. उभ्या गटातल्या एकानं मला विचारलं, की झुकून बघितलं तर चालेल का. मी नाही म्हटलं.

त्यानंतर नरसिंहराव आले नाहीत. इतरही पुष्कळ येईनासे झाले होते आणि दिल्लीहून निरीक्षक येणार अशी तार आली. प्रयोग अर्ध्यावर सोडून गेलेल्यांचा हिशेब द्यावा लागतो, हे मीच वर्गात शिकवलं होतं. हयवदनरावांनी सगळ्यांना जमवलं आणि सरळ सवाल टाकला : हे लोक का येत नाहीत? "दुखत असतं तर आले असते," त्यांनी स्वतःच उत्तर दिलं. मी गेलेल्या सगळ्यांना बरे झालेल्यांत मिळवलं. संख्याशास्त्रज्ञ म्हणून सांगतो, इतकी देखणी टक्केवारी माझ्या हातून पूर्वी कधी निघाली नव्हती.

सुखदानं हात वर केला. "सर, आपण म्हणत होतो की येणारा प्रत्येक जण बरा आहे. आता न येणाराही बरा. मग आजारी कोण?"

"खाली उभे आहेत ना," हयवदनराव म्हणाले.

निरीक्षक आले ते चांगले वजनदार गृहस्थ होते. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. खुर्च्या सगळ्या लिफ्टच्या जागेत असल्यामुळे आम्ही त्यांना बाकड्यावर बसवलं, कल्लाप्पाकडची कॉफी दिली. हळूहळू त्यांचा श्वास ताळ्यावर आला. गुडघ्यांवरून हात फिरवत ते हिंदीत म्हणाले की वर आलो तेव्हा प्राण जात होता, इथं बसलो आणि काय आराम पडला. डॉक्टरांनी त्यांना खिळा दाखवला. निरीक्षकांनी खिळ्याला हात लावून नमस्कार केला आणि आता एखादा बरा झालेला पेशंट दाखवा, असं फर्मावलं.

हयवदनरावांनी यादीतलं पहिलं नाव वाचलं. ते नरसिंहरावांचं होतं. घरी माणूस पाठवला तर ते घरी नव्हते. सँकी तळ्यावर गेले होते. मग आम्ही सगळे निरीक्षकांच्या गाडीत बसून तळ्यावर गेलो.

नरसिंहराव खरोखरच चालत होते. हळू, काठी टेकत, पण मित्रांच्या घोळक्याच्या मधोमध, कुठल्याशा मंत्रिमंडळाचं खातेवाटप करत चालले होते. शेजारी सुखदा होती. मला पाहून त्यांनी काठी उंचावली. मला इतकं बरं वाटलं की क्षणभर मी आकडे, गट, दिल्ली, सगळं विसरलो. असा विसर पडणं माझ्या विषयाला घातक आहे, हे मला ठाऊक आहे.

निरीक्षकांनी हयवदनरावांकरवी त्यांना विचारलं की गुडघा कशानं बरा झाला.

"वर येणं सोडलं," नरसिंहराव मराठीत म्हणाले. "तेव्हापासनं दुखत नाही."

हयवदनरावांनी याचं हिंदी केलं : उपचार संपल्यापासून यांची काहीही तक्रार नाही. निरीक्षकांनी मान डोलावली. भाषांतरात मला तरी एकही शब्द खोटा आढळला नाही. सुखदा काही बोलायला पुढं झाली, पण नरसिंहरावांनी तिचा हात दाबला. आपली फेरी अजून अर्धी राहिलीय, असं म्हणून ते तिला घेऊन पुढं निघाले.

विद्यालयाला मान्यता मिळाली. वडील हाच सर्वोत्तम पुरावा ठरल्यामुळे सुखदाला पदविका विशेष प्रावीण्यासह मिळाली. तिनं ती नाकारावी की घ्यावी, यावर बापलेकींत तळ्याच्या दोन फेऱ्या वाद झाला म्हणतात. शेवटी ती घेतली. प्रबंधात जिन्यावर एक प्रकरण घालू का, असं तिनं मला विचारलं होतं. जिना मंजूर शंकेत नसल्यामुळे तसं करता येणार नाही, हे मला सांगावं लागलं. आता तिचा जयनगरला, आमच्या घरापासून जवळच, छोटासा दवाखाना आहे. तळमजल्यावर. ती सुया लावते की नाही, मला ठाऊक नाही. पेशंटला आधी खुर्चीवर बसवते आणि तो कुठून कसा चालत आला ते विचारते, एवढं मी येताजाता पाहिलंय. तिच्याकडे पेशंटना लवकर गुण येतो. हे तिला विद्यालयात मिळालेल्या संशोधन-प्रशिक्षणाचं फळ असल्याचं हयवदनराव सगळ्यांना सांगतात.

परवा तिनं मला दारातूनच हाक मारली. "सर, तुम्ही अजून वर जाता?"

मी रोज जातो. अलीकडे माझाही गुडघा धरतो, पण वर पोचून बाकड्यावर बसलो की फार आराम वाटतो, म्हणून तर मी एक दिवसही चुकवत नाही. मी तसं तिला सांगितलं. ती हसली आणि तिनं मला खुर्ची देऊ केली. बस चुकेल म्हणून मी बसलो नाही. शिवाय आता थोडं लवकर निघावं लागतं. वाढता प्रतिसाद लक्षात घेऊन विद्यालयानं गच्चीवर आणखी एक मजला चढवलाय आणि गुडघ्यांचा विभाग तिथं हलवलाय.

ही हकीकत मी छापायला देतोय तीही त्याच प्रयोगाचा पुढचा टप्पा म्हणून. हयवदनरावांनी तिला आगाऊ मंजुरी दिली आहे. वाचकांपैकी ज्यांनी ती मध्येच टाकून दिली, त्यांना आम्ही बरे झालेले धरलं आहे. त्रास असता तर त्यांनी शेवटपर्यंत वाचली असती. तुम्ही शेवटपर्यंत आलात, म्हणजे एवढा वेळ कशावर तरी बसला होतात. गुडघा दुखला नाही ना? तशी नोंद केली आहे आणि श्रेय सुईला दिलं आहे. आणि तुम्ही उभ्यानंच वाचली असेल, तर आम्ही तुमचीच वाट पाहतो आहोत. मल्लेश्वरमला उतरा आणि कुणालाही विचारा. चौथा मजला.